तांब्याची नळी

१२ जुलै, शनि.
दुबई, रास अल खोर. गोदामाच्या एसीची नळी जोडताना विलास शिडीवरून पडला. माझ्या बहिणीचा, सुनंदाचा नवरा. मार्चमध्ये मीच व्हिसा पाठवून आणला त्याला. कमरेत मार. बोलतोय, पण पाय हलत नाहीत.
फोरमन, "कैसे गिरा?" मी, "पैर फिसला." का बोललो असं?

१३, रवि.
इथे तरी खरं लिहितो. वीस वर्षं लोखंडी पाइप वेल्ड केले. हेल्परला एकच सांगायचं, जोडापासून हातभर अंतर सोडून धर, काही होत नाही. लोखंडातून धग सावकाश सरकते, तोवर जोड होऊन जातो. काल तांबं होतं. तांब्यातून ती सरळ धावते. म्हणून मध्ये ओलं फडकं गुंडाळायचं. ठाऊक होतं मला. पण फडकं वाळलेलं, पाण्याची बाटली गाडीत, कोण जातो.
जाड हातमोज्यांतून नळी निसटत होती. म्हणालो, "काढ ते. हातभर अंतर सोडून धर, मी सांगतो ना." काढले बिचाऱ्याने. गॅसचा टॉर्च पेटवला.
"दादा, गरम होतंय."
"झालंच. धर."
पुन्हा बोलला नाही. थोड्या वेळाने नळी सुटली आणि

१५, मंगळ.
दवाखाना. तळहातावर फोडांची आडवी पट्टी, नळीएवढी रुंद. डॉक्टर पावलाला काचेच्या दोन नळ्या लावून बघत होता, एकीत गरम पाणी, एकीत गार. "गरम या ठंडा?" विलास म्हणाला, "लगाया क्या?"
नळी पावलाला टेकलेली होती. मला दिसत होती. बाहेर येऊन जिन्यात बसलो.

१७, गुरु.
सुनंदाचा फोन. विलासनेही तिला पाय घसरला असंच सांगितलंय. मी त्याला काही शिकवलं नव्हतं. ती म्हणते, "दादा, तू जवळ होतास म्हणून निभावलं. नाहीतर तिथे कोण आहे त्यांचं?" मी नुसतं हं म्हटलं. लाज वाटते. जेवलो नाही.

२०, रवि.
विलासला म्हटलं, तिला सांगून टाकतो.  तो म्हणाला, "सांगून माझे पाय येणार आहेत का? आईबाप गेले. तिला माहेर म्हणून तुम्हीच आहात, दादा."
शुक्रवारी सुनंदा येतेय. एअरपोर्टवर मीच जाणार. तिथून दवाखाना टॅक्सीने अर्धा तास. गाडीत आम्ही दोघंच.