भोपळ्याच्या वेलाला सजा

११ जून १९३३, रविवार. रत्नागिरी.
आजपासून स्कीम सुरू. परसात लाल भोपळा, पडवळ, भेंडी लावली. दसऱ्याला पानात सगळी भाजी घरची. शेजारच्या हरिभाऊंना सहकुटुंब जेवायचे आमंत्रण आत्ताच देऊन टाकले. ते हसले. म्हणाले, भोपळ्याच्या मुळाशी पाणी तुंबू देऊ नकोस. बावीस वर्षे रोज संध्याकाळी सोंगट्या खेळतो, म्हणून ऐकून घेतले. कोर्टातल्या कारकुनाला शिस्त शिकवू नये.

१९ जुलै.
गोगलगाईंनी भेंडी फस्त केली. वहाणेने एकशे चाळीस ठार. दंड दुखतो. मन प्रसन्न.

१३ ऑगस्ट.
वानर! पडवळे सरळ वाढावीत म्हणून टोकांना दगड बांधले होते. काठी घेऊन मांडवावर तुटून पडलो. वानर पळाले, मांडव माझ्या अंगावर. एक दगड कपाळात. तीन टाके. सौ. म्हणाली, वानराने एकच पडवळ खाल्ले, बाकीची तुम्ही मारलीत. बायकांना युद्धातले कळत नाही.

२१ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ९.
भोपळ्याचा वेल मधल्या दगडी गडग्यावर चढून हरिभाऊंच्या बाजूला उतरला आहे. फुलेच फुले, फळ एक नाही. आज सूर्यग्रहण. न फळणाऱ्या झाडाला ग्रहणात मुसळाने मारले की ते धाकाने फळते, हे आमच्याकडे सर्वांना ठाऊक. महिपत गडी म्हणाला, "येलाला काय कान हायत?" अडाणी! रजा टाकली आहे.

त्याच दिवशी, दुपारी.
मुसळ नुसते टेकवायचे असते, असे सौ. मागाहून म्हणाली. मी दोन्ही हातांनी हाणले. तिसऱ्या फटक्याला मुसळ निसटून गडग्यापलीकडे. तिथे हरिभाऊ जप करीत बसले होते. डाव्या खांद्याचे हाड मोडले. मी म्हटले, जपाला देवघर नव्हते काय? त्यांनी उठून धड हाताने माझा कान धरला. मी मनगटाला चावलो. त्यांनी माझे डोके गडग्यावर आपटले. कपाळाचे टाके उसवले.
चूक त्यांची.

२३ ऑगस्ट.
गडग्यावर काटे रचले. पलीकडे नजर टाकणार नाही. सोंगट्या बंद. संध्याकाळ फार लांबते. उद्यापासून काहीतरी वाचन.

२९ सप्टेंबर, दसरा.
पानात बाजारचा दुधी. हरिभाऊंना सोने द्यायला बावीस वर्षांत प्रथमच गेलो नाही. ते आले तर देईन, म्हणून आपट्याची पाने खिशात ठेवून अंधार पडेपर्यंत ओटीवर बसलो. वाईट वाटले. फार वाटले. हे सारे त्या निर्लज्ज वेलामुळे.

१५ ऑक्टोबर, रविवार.
वेलाला शेवटची संधी दिली होती. माझ्या बाजूला अजून एक फळ नाही. निकाल: देहान्त. कोयत्याने बुंधा छाटला, मुळे उपटली, तुकडे केले, तुकड्यांवर नाचलो. महिपतने कोयता काढून घेतला. रात्री झोप उत्तम लागेल.

१८ ऑक्टोबर, नरकचतुर्दशी.
सकाळी हरिभाऊंच्या सावित्रीवहिनी आल्या. मागे त्यांचा गडी, डोक्यावर टोपली. सात लाल भोपळे, एकेक घागरीएवढा. मी आत दाराआड. सौ.ला त्यांनी हरिभाऊंचा निरोप सांगितला: "तुझ्या वेलाचे आहेत. सगळे आमच्या बाजूला उतारावर धरले. कुजू नयेत म्हणून एका हाताने खाली पेंढा सारला. संध्याकाळी सोंगट्या मांडतो, ये. अजून चार कोवळे आहेत, पण परवापासून पाने माना टाकतायत. मुळाला जरा पाणी घाल."
दाराआडूनच म्हटले, घालतो.
दोन घागरी ओतल्या. जिथे मूळ होते, तिथे.