हशाची जागा

२ मार्च १९५३, हॉलिवूड

पहिल्याच दिवशी वाट लागली!

सूपचा प्रसंग होता. मुलगा घर सोडून निघतो, आणि मी — खोल्या भाड्याने देणारी इडा — म्हणते, "जायचं तर जा, पण सूप पिऊन जा." ब्रॉडवेवर, नाटकात, दोन वर्षं या वाक्याला हशा पिकला. तो ओसरेपर्यंत थांबायचं. मग हळूच: "तुझी खोली मी भाड्याने देणार नाही." थिएटर गप्प. टोनी पारितोषिक मला मिळालं ते या दुसऱ्या वाक्याचं, असं मी धरून चालते.

आज त्याच नाटकाच्या सिनेमासाठी सूपचं वाक्य टाकलं आणि थांबले. सवयीने. इथे हसणार कोण? आवाज टिपला जात असताना कोणी खोकतसुद्धा नाही. मी उभीच. कॅमेरा चालू. शेवटी कसंबसं खोलीचं वाक्य म्हटलं.

"कट! मध्ये कुठे गेला होतात, मिस लिंडक्विस्ट?" — कोल, दिग्दर्शक.

वरून दिवेवाला: "बाई बसची वाट बघतायत!"

मग मात्र सगळे हसले.

३ मार्च

पुन्हा थांबले. पुन्हा. पुन्हा!

ध्वनिमुद्रकाने कानावरचं यंत्र काढून ठेवलं. "बाई, माइक डोक्यावरच आहे. शेवटची रांग न्यूयॉर्कला राहिली."

४ मार्च

झालेलं चित्रण पाहिलं. माझा चेहरा भिंतीएवढा. भुवया नुसत्या ओरडत होत्या.

मागे कोणीतरी डोरीन वेल्सचं नाव घेतलं. ती सिनेमातलीच. दात सुंदर. शनिवारपर्यंत मला जमलं नाही तर इडा तिला. करारात तसं आहे.

नाटक उतरलं की काही उरत नाही. सिनेमा उरतो. म्हणजे इडा म्हटलं की लोकांना ते दात आठवणार.

५ मार्च

नवऱ्याला, मॉरीला, फोन केला. तो न्यूयॉर्कला, कुणाच्या तरी नाटकाचा पडदा सांभाळतोय.

"अगं, मनातल्या मनात हशा ऐक आणि पुढे जा!"

"मनात ऐकू येतो म्हणून तर थांबते."

"मग बहिरी हो. नवऱ्याचं ऐकताना होतेस तशी."

हसले. फोन ठेवून रडले.

६ मार्च

दोन्ही वाक्यं एका श्वासात म्हटली. कोल धावत आला. "हेच! हेच हवं होतं मला!"

भूमिका राहिली. इडा गेली.

११ मार्च

आता कुठेच थांबत नाही. सगळे खूश आहेत.

१७ एप्रिल

काम संपलं. सुतारांनी इडाचं टेबल माझ्यासमोर मोडलं. मला काहीच वाटलं नाही. ते जास्त वाईट.

९ जून

गावाबाहेरच्या एका थिएटरात, लोकांचा अंदाज घेण्यासाठी खेळ लावला. मी मागे बसले.

सूपचं वाक्य आलं. लोक हसले! अगदी तसेच — पुढून सुरू होऊन मागे चढत जाणारा हशा. आणि पडद्यावरची मी थांबले नाही. खोलीचं वाक्य त्यात बुडालं.

शेजारच्या बाईने नवऱ्याला विचारलं, "काय हो म्हणाली ती?" ती अजून हसतच होती.

"काही नाही गं. सूपचंच."

खोलीचं वाक्य मी अंधारात पुटपुटले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पर्स मांडीवर ओढली.

बाहेर कोल भेटला. नजरेला नजर देईना. सेट मोडलेला, मुलाचं काम करणारा युरोपात. पुन्हा चित्रण होणार नाही.

आता जन्मभर मी असंच करणार. प्रत्येक थिएटरात, प्रत्येक खेळाला. ऐकू न जाणारं बोलणार.

१० जून

अंथरुणातून उठले नाही. इडा डोरीनला दिली असती तर निदान चूक तिची झाली असती.

२३ जून

पुन्हा तेच थिएटर, दुसरे लोक. कोलने बळेच नेलं. पहिल्या दिवशीचा तो फुकट गेलेला तुकडा संकलकाने फेकला नव्हता. तोच घातलाय.

पडद्यावर मी सूपचं म्हटलं आणि उभी राहिले. वाट बघत.

हशा आला.

ओसरला. मग मी बोलले.