सातवा टोला

प्रिय पेत्रसमामा,

तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि तरी मी तुम्हाला पत्र लिहायला बसले आहे. हसू नका! तुम्ही असतात तर मीच वाचून दाखवलं असतं, आणि प्रत्येक वाक्यानंतर तुम्ही विचारलं असतं, "मंग?" तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला. इतक्या दिवसांत मला कुणी "मंग?" असं विचारलेलं नाही. सगळ्यांना पुढचं आधीच ठाऊक असतं.

आज मॅट्रिकचा निकाल लागला, म्हणून लिहिते आहे. फादर पहाटेच सायकलवरून खामगावला गेले, नागपूरचं वर्तमानपत्र घेऊन आले आणि देवळाच्या पायरीवर मला म्हणाले, "गोदाबाई, दोरी आज तुम्ही धरा." मी! माळ्याची पोर, हातात कायम खडू, मी तुमची घंटा वाजवायची! अकरा मुलं बसली होती, दहा पास झाली. दहा टोले दिले. हात अजून दुखतो आहे. तुम्ही तीस वर्षं ती दोरी कशी ओढलीत हो?

अकरावी मुलगी वच्छला. संग्रामपूरकडची, इथे बोर्डिंगात राहते. भूमितीत गेली, आणि भूमिती शिकवते मी. तिचा बाप आज दुपारी बैलांची दमणी जुंपून तिला न्यायला येतो आहे. मदरना त्याने आधीच सांगून ठेवलं आहे, पास झाली तर बघू, नाही तर पेटी बांधून ठेवा. पेटी बांधून झाली आहे. पोरगी त्या पेटीवरच बसून आहे. मला त्या माणसापुढे उभं राहून एक वर्ष मागायचं आहे आणि काय बोलावं ते सुचत नाही. तुम्हाला एकदा सुचलं होतं. म्हणून तुमच्याकडे आले.

तुमची टोले देण्याची रीत मला अजून जशीच्या तशी आठवते. जितकी मुलं पास तितके टोले, हा आपल्या मिशनचा जुना रिवाज. टोला ऐकला की शिवारात मोटा थांबत, बाया निंदण सोडून उभ्या राहत आणि बोटं मोडत मोजत. पण तुम्ही आकडा मोजत नव्हतात. फादर नावं सांगत, तुम्ही ती तोंडात धरून जायचात आणि एकेक नाव घेऊन एकेक टोला द्यायचात. नाव पुरं म्हणून झाल्याशिवाय दोरी ओढायची नाही! लांब नावाच्या मुलाचा टोला उशिरा पडायचा, आणि आम्ही पोरं त्याच्यावर हसायचो.

माझ्या वर्षी आम्ही सात जण होतो, त्यात मुलगी मी एकटी. बाबा बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात भाजी घालायचे, मी गाडीत वांग्यांच्या पाटीशेजारी बसून यायची, आणि मदरनी मला तिथूनच उचलून वर्गात बसवलं होतं. बाबांनी शिकू दिलं, पण काकांना शब्दही देऊन ठेवला होता. मॅट्रिक एका दमात झाली तर पुढे शिकेल, नाही तर माघात लग्न.

त्या दिवशी मी मळ्यातच होते. बाबा मोटेवर. पहिला टोला पडला तसे त्यांनी बैल थांबवले. दुसरा, तिसरा... सहावा पडला आणि मग काहीच नाही. मी सातवं बोट धरून उभी. आणि मग सातवा! सातही पास! बाबांनी बैलांच्या पाठीवर थापा मारल्या, माय घरातून पळत आली, तिने मला औक्षण केलं. बाबांनी घरातली गुळाची ढेप फोडून वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला गूळ वाटला. "पोट्टी मॅट्रिक झाली!" असं म्हणत ते शेजारच्या मळ्यांपर्यंत गेले. माझे बाबा एरवी दिवसाला दहा शब्द बोलणारे!

तासाभराने चुलतभाऊ शाळेतून यादी पाहून आला. यादीत सहा नावं होती आणि माझं त्यात नव्हतं.

मामा, त्या दिवशी मी तुमच्यावर जितकी चिडले तितकी आयुष्यात कुणावर चिडले नाही. नापास होणं एक, आणि कपाळाला कुंकू लावून घेतल्यावर नापास होणं दुसरं! गाव तर टपलेलंच होतं. 'घंटापास गोदा' हे नाव संध्याकाळपर्यंत पिंपळगाव राजाला पोचलं म्हणे. बाजारात बाबांना लोक विचारायचे, "काऊन भाऊ, गूळ उरला काय?" बाबांनी काकांना निरोप धाडला की स्थळ बघायला लागा.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आमच्या मळ्यात आलात. तुम्ही कोसभर चालून आला होतात आणि पाय धुळीने भरले होते. माय पाणी घेऊन आली ते तुम्ही घेतलं नाही. बाबा मोट हाकत राहिले, त्यांनी तुमच्याकडे पाहिलंही नाही. तुम्ही विहिरीच्या काठाला, बैल मागे येतात तिथे जाऊन उभे राहिलात. मग बाबांना थांबावंच लागलं.

"भाऊ, चूक माही हाये. पोरीची नाई," तुम्ही म्हणालात. "फादरनं सहाच नावं सांगतली व्हती. पन महिनाभर पहाटी मी सातही पोरायची नावं घेऊन प्रार्थना करून राह्यलो व्हतो. दोरी हाती आली अन् सातही निंगाली."

"म्या माह्या हातानं गूळ वाटला, पेत्रस," बाबा म्हणाले. "आता लोकायच्या तोंडातून वापस काढू काय?"

"वापस नका काढू. एक साल द्या पोरीले. ते घंटा देवाच्या नावानं वाजते, भाऊ. आजलोक खोटी वाजली नाई. एक साल देल्लं त खरी होऊन जाईन."

"अन् नाई झाली त?"

"त मी दोरीले हात लावनार नाई. ते पास होयेलोक आतापासूनच नाई लावत."

मी वांग्याच्या वाफ्यात उभी राहून ऐकत होते. बाबांनी मोटेचा दोर हाताने चाचपला. मग म्हणाले, "बरं. एक साल. एकच." आणि बैलांना हाक दिली. तेव्हा कुठे तुम्ही मायच्या हातचं पाणी घेतलंत.

त्या वर्षी मिशनची घंटा स्वयंपाकी वाजवायचा. कधी दोन टोले जास्त, कधी सकाळची घंटा न्याहारीनंतर! सगळे वैतागले होते. फादरनी तुम्हाला तीनदा समजावलं. तुम्ही घंटाघराच्या पायरीवर बसून राहायचात आणि दोरीकडे बघायचात देखील नाही. तुमच्या तळहाताचे घट्टे त्या वर्षात मऊ पडले, हे तुम्हीच मला दाखवलं होतंत. दाखवताना तुमचा चेहरा कसा झाला होता!

आणि माझी भूमिती? शाळा सुटली की मी त्याच पायरीवर येऊन तुम्हाला प्रमेयं म्हणून दाखवायची. मास्तरांपुढे माझी बोबडी वळायची, तुमच्यापुढे नाही, कारण तुम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं. पण ऐकायचात कसे! "या त्रिकोणाच्या दोन बाजू समान आहेत," मी म्हणायची. "बरं, मंग?" "शिरोबिंदूतून पायावर लंब टाकला." "काऊन टाकला?" आता काऊन टाकला हे मला कुठे ठाऊक होतं! मी नुसतं पाठ केलेलं. तुम्हाला सांगायचं म्हणून मला शोधून काढावं लागलं. भूमिती मला तिथे कळली, मामा. आज वर्गात मी मुलांना विचारते, लंब का टाकला सांगा. इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले, ही पद्धत फार आधुनिक आहे, कोणत्या ट्रेनिंग कॉलेजात शिकलात? मी काय सांगणार?

पुढच्या वर्षी आम्ही आठ जण बसलो होतो आणि आठही पास झालो. मी व्हरांड्यात यादीत माझं नाव बोटाने धरून उभी होते आणि घंटा सुरू झाली. वर्षभराने तुमचा हात! लगेच ओळखू आला. एक, दोन... सात. आणि बंद! मी वाट पाहिली. मग धावत घंटाघरात आले.

"मामा, एक राह्यला!"

"कोनाचा?"

"माहा!"

"तुहा त मांगच्या सालीच देल्ला ना वं," तुम्ही दोरी खुंटीला गुंडाळत म्हणालात. "एका मानसाले दोन टोले कसे देऊ?"

मी रडायलाच लागले. तिकडे मळ्यात बाबा मोजत असतील! आठातले सात ऐकून राहिलेला एक कोण हे त्यांना सांगावं लागेल का? घंटापास गोदाच! तुम्हाला म्हटलं, वाजवा. तुम्ही मान हलवलीत. "माझा टोला खाल्लात तुम्ही!" असं म्हणून मी तशीच घराकडे पळाले.

आता ऐका. पुढचं मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही.

अर्ध्या वाटेवर, नाल्याच्या उतारावर, बाबा समोरून येताना दिसले. डोक्यावर धुतलेलं पागोटं. मोट सोडून, सात टोले ऐकून, ते मला आणायला निघाले होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "असू दे. रडू नको. आनखी एक साल पाहू."

मामा! ज्या माणसाने "एकच" म्हटलं होतं, तोच हे म्हणाला. कुणी विनवलं नाही, कुणी विहिरीवर जाऊन उभं राहिलं नाही. आठ टोले वाजले असते तर बाबा गूळ वाटत गावभर फिरले असते आणि त्यांच्या मनात काय आहे ते मला जन्मात कळलं नसतं. मी पास झाल्याचं सांगितलं तेव्हा ते रस्त्यातच खाली बसले. मग म्हणाले, मी काय बोललो ते कोनाले सांगू नको.

मी सांगितलं नाही. पण खरं कारण ते नव्हतं. मी रुसले होते. त्या वर्षीच्या बक्षीस समारंभात भूमितीचं पहिलं बक्षीस मला मिळालं, आठवतं? मांडव भरलेला, डेप्युटी कमिशनरसाहेबांच्या मडमेच्या हातून पुस्तक, आणि चार शब्द बोलायला सांगितलं. मी फादरांचे आभार मानले, मदरचे, मास्तरांचे, मायबाबांचे. तुमचं नाव ओठावर होतं आणि मी ते गिळलं. खाल्लेल्या टोल्याचा राग! तुम्ही मांडवाच्या खांबाला टेकून सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवत होतात. त्यानंतर दहा वर्षं रोज भेटलो, रोज तुमची थट्टा केली, पण हे दोन्ही तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. तुम्ही तरी एकदा विचारायचं होतं ना? प्रत्येक गोष्टीला "मंग?" विचारणारे तुम्ही, इथेच कसे गप्प बसलात!

तुम्हाला निंबाखाली पुरलं त्या दिवशी बाबा आले होते. मूठभर माती टाकून बाजूला उभे राहिले. घरी जाताना म्हणाले, "पेत्रस आला नसता त म्या गोदीचं लगन लावून देल्लं असतं." एवढंच बोलले.

मामा, लिहिता लिहिता एक गोष्ट लक्षात आली आणि ती मला आवडलेली नाही. सकाळपासून मी वच्छलाच्या बापापुढे काय काय बोलायचं ते जुळवत होते. मुलगी हुशार आहे, शिक्षणाचं महत्त्व, काळ बदलला, लढाईनंतर नोकऱ्या निघतील, वगैरे. तुम्ही यातलं काही बोलला नव्हतात. तुम्ही आधी स्वतःची चूक सांगितली होतीत.

माझी चूक मला माहीत आहे. यंदाच्या गॅदरिंगचं नाटक मी बसवलं. वच्छला त्यात राणी होती. काय काम केलं पोरीने! तालुक्यातून माणसं बघायला आली, फादरनी माझी पाठ थोपटली. त्या कौतुकापायी दीड महिना रोज शाळेनंतर तिला तालमीला उभं केलं, आणि तो वेळ भूमितीचा होता. ती एकदा म्हणाली होती, "बाई, माही प्रमेयं राह्यली." मी म्हटलं, पाहू नंतर. हे कुणालाच माहीत नाही. फादरना नाही, मदरना नाही. वच्छलानेही सांगितलेलं नाही.

ते आता तिच्या बापाला सांगावं लागेल. दमणीपाशी, सगळ्यांसमोर. तो चिडेल, मास्तरीण असून पोरीचं वाटोळं केलं म्हणेल, आणि मला ऐकून घ्यावं लागेल. भीती वाटते हो! त्या दिवशी कोसभर चालताना तुम्हालाही वाटली होती का? हेही विचारायचं राहिलं.

तर माझा शब्द घ्या. ती पास होईपर्यंत गॅदरिंगचं नाटक मी बसवणार नाही. मला ते किती आवडतं हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून तुम्हालाच सांगते. रोज सकाळी शाळेआधी ती माझ्यापुढे बसेल, मी विचारीन आणि ती सांगेल. आणि तिच्या बापाने आज नाही म्हटलं, तर उद्या मी संग्रामपूरच्या वाटेला लागेन. तो म्हणेल तिथे उभी राहीन.

फाटकाशी दमणी थांबली. बैल सोडायच्या आत गेलं पाहिजे.

तुमची,
गोदा