मामाचा रकाना

बाबा, मला फार भीती वाटते आहे, आणि ही भीती तुमच्याच घरातून आली म्हणून तुम्हालाच लिहिते. तुमच्या नातीची संरक्षण खात्याच्या एका संशोधन संस्थेत निवड झाली. आपल्या घराण्यात पौरोहित्याशिवाय कोणी काही केलं नव्हतं, आणि ही पोरगी तिथवर पोचली! काल सकाळी आमच्या अमरावतीच्या घरी ठाण्यातून जमादार चौकशीला आले. चहा घेतला, तिचा फॉर्म उघडला आणि विचारलं, "ताई, हे मामा कोणत्या साली वारले? दाखला असन तर दाखवा." मी न विचारताच त्यांच्या रिकाम्या कपात पुन्हा चहा ओतला, तो बशीत सांडला. "कायले घाबरून राहिल्या? मोठ्या जागची नोकरी आहे, इचारा लागते," ते म्हणाले. मी म्हटलं, दाखला अकोल्याला आहे, दोन दिवसांत आणते. कुठून आणू? दादा जिवंत आहे, बाबा. तुमच्या आंघोळीचा दाखला कोणतं सरकार देणार?

दादानं परदेशात तिथल्याच मुलीशी लग्न केलं, तिथलं नागरिकत्व घेतलं, त्याचं पत्र आलं तो दिवस मला अजून दिसतो. तुम्ही अकोल्याच्या अंगणात सोवळ्यात उभे आहात. "आजपासून तो मेला. त्याच्या नावानं आंघोळ करा सगळ्यांनी." आई रडत मोरीत जाते, तिच्यामागून मी. जगाची श्राद्धं करणारे तुम्ही, पोटच्या पोराला जिवंतपणी पाणी सोडून मोकळे झालात. पुढं माझ्या लग्नाच्या बोलणीतही तुम्ही बेधडक सांगितलंत, मुलगा वारला. मी आत पोह्यांच्या ताटल्या भरत होते, काही बोलले नाही. सासरी तेच सांगत आले, लेकीलाही तेच. फॉर्म भरताना तिनं फोनवर विचारलं, "आई, मामाच्या रकान्यात काय लिहू?" आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "मयत लिही."

आज दुपारी तिला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मामा परदेशात आहे एवढं लिहिलं असतं तर त्यांनी चार प्रश्न जास्त विचारले असते. कदाचित उशीर झाला असता, कदाचित नकारही. पण खोटं लिहिलेलं सापडलं की संपलंच. माझी सही आहे त्याच्यावर, आई." तिची सहा वर्षांची मेहनत माझ्या एका शब्दानं पाण्यात जाईल. उद्या ती स्वतःच कार्यालयात जाऊन खरं लिहून देणार आहे. पुढं काय होईल ते तिलाही माहीत नाही.

तिनं दादाचा पत्ता विचारला. मी घडाघडा सांगितला, पिनकोडसारखे तिथले आकडे असतात त्यांच्यासकट. तुला पाठ कसा, तिनं विचारलं. दर राखीला पाकिटावर लिहून लिहून पाठ झाला होता. "म्हणजे तू त्याला कधी मेलेला मानलंच नव्हतंस, आणि मला मात्र..." एवढंच म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

तुम्ही तर केव्हाच गेलात, हे पत्र कोणत्या पेटीत टाकू? तिच्या फॉर्मच्या झेरॉक्सखाली राहू दे. फक्त एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी मोरीत मी बादली जमिनीवर ओतली, पदर ओला केला आणि बाहेर आले. मी आंघोळ केलीच नव्हती, बाबा. तुम्ही विचारलंत, "झाली?" आणि तुमच्या भीतीनं मी हो म्हटलं.