रुळाच्या लोखंडाचा हूक

राणीसावरगाव,
१९ जानेवारी १९७४

चि. दिनकर,

ताईचे अनेक आशीर्वाद. ज्वारी हुरड्यात आली आहे. शेळीला दोन करडं झाली. तुझ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाची धावपळ असेल, पण वेळेवर जेवत जा.

मामंजी आता बरे आहेत. खरंच बरे आहेत. विहीर खणताना दगड वर ओढायच्या यारीचा हूक तुटून भरलेली बादली तुझ्या दाजींवर कोसळली, तेव्हापासून ते अन्न सोडून थंड भट्टीपुढे बसून एकच विचारायचे, "रुख्मिणी, म्या तापल्या हुकाला पानी दिलं, त्यानंच माजा पोरगा गेला का गं?" आता विचारत नाहीत. भट्टी पेटवतात.

हे कसं झालं, सांगते. रागावू नकोस.

दिवाळीत तू तो तुटका हूक तपासून आलास आणि मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलंस. गर्डरच्या लोखंडात कार्बन थोडा, त्याला पाणी दिलं तरी ते लवतं. हा हूक रुळाच्या तुकड्याचा, त्यात कार्बन बराच. लाल तापवून पाण्यात बुडवला की काचेसारखा कडक होतो आणि तसाच तुटतो. मामंजींचा जन्म गर्डरच्या लोखंडावर गेला, त्यांना काय माहीत! मी घरात आले तर ते दारातच उभे. त्यांचं तोंड बघून मी म्हणाले, "दिनकर म्हनतो लोखंडच खराब हुतं. तुमच्या पान्याचा दोस न्हाई." ते ढसाढसा रडले.

परवा शेजारचा आश्रुबा यारीसाठी हूक मागायला आला. मामंजींनी उरलेला रुळाचाच तुकडा काढला, घडवला आणि पाण्यात बुडवला. चर्र झालं, माझ्या हातातली परात पडली. तो आवाज कानातून जातच नाही रे, चूल फुंकतानाही ऐकू येतो. उद्या तो हूक इथून नेऊन, यारीला लावून आश्रुबा विहिरीत उतरणार. त्याची बायको पोटुशी आहे.

खरं सांगितलं तर म्हातारा पुन्हा अन्न सोडेल, याची भीती वाटते. पण आता गप्प राहवत नाही. हे पत्र टाकण्याआधी त्यांनाच वाचून दाखवते.

संध्याकाळ.

वाचून दाखवलं. ते उठले. नवा हूक ऐरणीवर ठेवून त्यांनी घण घातला. एका घावात दोन तुकडे झाले. ते त्यांनी उचलून हातात घेतले. मग म्हणाले, "येवढंच करायचं हुतं गं. पोराला खाली उतरवायच्या आदी येक घाव घालून बघायचा हुता."

आश्रुबाला निरोप धाडला आहे. मामंजी जेवले नाहीत. जमेल तितक्या लवकर ये.

त्यांच्याजवळून उठायला धजत नसलेली,
तुझी ताई