एक केबल काढली तरी

डिचोली, गुरुवार रात्री

पुलांच्या केबल तपासणाऱ्या पणजीच्या एका कंपनीतून मेधाला, आमच्या सुनेला, बोलावणं आलं आहे. सोमवारी हजर व्हायचं. आमचा मुलगा संदीप जाऊन अजून वर्ष झालेलं नाही, म्हणून त्याची आई अडून बसली आहे. दुपारी म्हणाली, "वर्ष सरू दे गो बाय. वर्षाच्या आत घरात नवं काही धरू नये."

मेधा भांडी उचलून आत गेली. मी पेपरात डोकं घातलं. माझं नेहमीचंच.

संध्याकाळी बाहेर सोप्यावर बसलो असताना मी तिला उगाच विचारलं, जुनी केबल बदलताना पूल बंद ठेवतात का? म्हणाली, "नाही बाबा. एक केबल काढली तरी उभा राहील असाच हल्ली पूल बांधतात. तिचा भार शेजारच्या केबल घेतात. तेवढे दिवस गाड्या थोड्या कमी सोडतात, इतकंच."

एक केबल काढली तरी. म्हणजे हे आधीच धरून चालतात? घराचं असं कुणी काही धरलेलं नसतं. शेजारच्यांना किती झेपेल ते कोण बघतो? ही पोर इतके महिने आम्हा दोघांचं सगळं बघते आहे. आणि तिचं?

जेवताना मी म्हटलं, "सोमवारी मेधाला बसवर मी सोडीन." बोलताना मी मान वर केली नाही. संदीपची आई बराच वेळ नुसता भात कालवत राहिली. वाटलं, आता ही पानावरून उठणार.

मग मेधाकडे न बघताच तिनं विचारलं, "सोमवारी डबा किती वाजता लागतलो गो तुला?"