उडाल्याच नाय त्या पाणकोंबड्या

भादव्यातला बुधवार, कळंब

खेकडे बांध पोखरतात म्हणून ह्यांनी परवा त्यांच्या बिळांत औषध टाकलं. आज तिथूनच दोन पाणकोंबड्या हातानं धरून आणल्या. म्हणे, "बघ गं, फासा नाय, गलोल नाय! उडाल्याच नाय."

पाणकोंबडी कधी कुणाच्या हाताला लागलेय का? ते विषारी खेकडे खाल्ले असणार. एकीनं माझ्या हातातच मान टाकली, चोचीतून फेस. मी म्हटलं, दोनी पुरून टाका. तर हे हसले नि दुसरी धाकट्या भावाच्या घरी देऊन आले.

माझ्याकडची पुरली नि धावत गेले. जावेच्या चुलीवर टोप रटरटत होता. विष हाय म्हटलं, तर म्हणते, "वयनी, एकीवर पोट नाय भरलं का तुमचं?"

ती टाकलेली मान, तो फेस डोळ्यांसमोरून हलेना. मी टोप उचलून रस्सा सगळा चुलीत ओतला.

आता हे म्हणतात, उद्या माफी माग. कसली माफी? उडाल्याच नाय म्हणे! पोरं उपाशी झोपली म्हणून जाऊ शिव्या घालतेय. घालू दे. सकाळी उठतील तरी.